वाटीतल्या पिना

नाशिक
१८ जानेवारी २०२४

प्रिय महेज,

तुझं पत्र मिळालं. भिंग धरून दोनदा वाचलं. तू मोठ्या अक्षरांत लिहितेस म्हणून तरी जमतं. फोनवर आता मला तुझा नुसता सूर कळतो, शब्द कळत नाहीत, आणि मोबाईलच्या पडद्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. त्यामुळे होस्टेलमधून सुट्टीत घरी गेल्यावर आपण एकमेकींना पत्रं लिहायचो, तीच वेळ पुन्हा आली आहे. मला ती आवडते, हे कोणाला सांगू नकोस.

एक विचारू? पत्राच्या कोपऱ्यावर काळा तेलकट अंगठा उमटला आहे. आधी वाटलं पोस्टमनचा. मग पाहिलं तर आतल्या पानावरही तोच. सिस्टर बेनेडिक्टांनी वहीचं ते पान फाडायला लावलं असतं. बाई, तू या वयात काय उद्योग करतेस?

आता कामाचं. डोळ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ठरलं आहे. मुलगा बंगळुरूहून येऊ शकत नाही. वरच्या मजल्यावरची दिपा ने-आण करील, पण रात्री उशाशी कोणी ओळखीचं असावं असं वाटतं. चार दिवस येशील? चाँदभाईंना माझ्यातर्फे विचार. नाही म्हणाले तरी मी रागावणार नाही. थोडी रागावेन.

तुझी
राजू

———

वारंगा फाटा
३० जानेवारी २०२४

प्रिय राजू,

येते. शाकीरच्या अब्बांना विचारलं तर म्हणाले, "मला काय पुसतेस? मैत्रीण तुझी, डोळा तिचा. जा." एवढंच. पण संध्याकाळी स्वतः फाट्यावर जाऊन नाशिकच्या गाडीची चौकशी करून आले.

आधी गोड बातमी. आपल्या सूनबाईला, अफसानाला, दिवस गेले आहेत. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. मी तिच्या केसांना तेल लावत होते तेव्हा तिने हळूच सांगितलं. शाकीर दोन दिवस माझ्याशी नजर मिळवत नव्हता, मोठा जीप चालवणारा गडी, आणि लाजतो कसा!

आता त्या अंगठ्याबद्दल. तो ग्रीसचा आहे आणि माझाच आहे. पुंजाजी म्हणून आमच्या ओळखीचे मेंढपाळ आहेत. त्यांच्या ट्रॉलीची चाकं त्या दिवशी आमच्या अंगणात उघडली होती. आमच्याकडे हे काम घरीच होतं. ट्रॉली जॅकवर घ्यायची, बाकीच्या चाकांना दगड लावायचे. चाकाच्या मधली टोपी ठोकून काढली की आत नट दिसतो. त्या नटातून आरपार एक पिन असते, तिची दुमडलेली टोकं सरळ करून ती ओढायची. मग नट, वॉशर, बेअरिंग, आणि शेवटी सबंध चाक हातात येतं. जुनं ग्रीस काजळासारखं काळं झालेलं असतं. बेअरिंग परातीत डिझेलने धुवायचं, फडक्याने कोरडं करायचं. मग तळहातावर नव्या ग्रीसचा लाडूएवढा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची कड त्यावर दाबत राहायची, ग्रीस आतल्या रोलरांच्या फटींतून दुसऱ्या बाजूने वर येईपर्यंत. शाकीरचे अब्बा हे करताना अगदी गप्प असतात. नमाजात असतात तसे. चाक परत बसवलं की ते एका हाताने फिरवत नट आवळतात, चाक जड झालं की थोडा सैल करतात. किती सैल, ते त्यांच्या मनगटाला ठाऊक.

आणि मग मला हाक मारतात. शेवटची पिन मी लावायची. त्यांची अम्मी त्यांच्या अब्बांच्या बैलगाडीच्या चाकाची खीळ स्वतःच्या हाताने घालायची. "जी घरी वाट बघते, तिच्या हातानं शेवटचं काम व्हावं," असं त्या म्हणायच्या. लग्न होऊन आले त्या वर्षी यांनी मला जीपजवळ बोलावलं आणि हातावर पिन ठेवली. मी कॉन्व्हेंटची शिकलेली, नाक मुरडलं. पण लावली. तेव्हापासून या घरातल्या प्रत्येक चाकाची पिन मीच लावते, टोकं मीच दुमडते, आणि मगच ते टोपी ठोकतात. पुंजाजी त्या दिवशी हसले, "भाभी, आमच्या पंचफुलीला बी शिकवा. ती मला म्हंती, तुमी गेले तरी शेरडं येतील घरी."

महाशिवरात्रीला औंढ्याला जीपच्या फेऱ्या सुरू होतात, त्याआधी तिचीही चाकं करायची आहेत. "तू नाशिकला असशील तवा करून ठेवतो," म्हणाले. "पिना तुझ्यासाठी वाटीत ठेवतो. आलीस की लाव."

तर मी येते. तुला मऊ खिचडी चालेल ना?

तुझी
महेज

———

नाशिक
१४ मार्च २०२४

माझ्या महेज,

काय लिहू? ऑपरेशन झालेल्या डोळ्याने लिहिते आहे आणि डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलं आहे.

त्या मंगळवारी दुपारी तुला फोन आला, तू माझ्यासाठी पेरू कापत होतीस. मला काहीच ऐकू आलं नाही. मी फक्त तुझा हात सुरीवर थांबलेला पाहिला. दिपा म्हणाली, तिच्या मुलाला अपघात झालाय. तू पिशवी उचललीस आणि गेलीस. मग तुझं कार्ड आलं, त्यावर दोनच शब्द: शाकीर गेला.

मी त्याला दोनदाच पाहिलं होतं. लहानपणी नांदेडला, तुझ्या पदराला धरून, आणि मग त्याच्या लग्नात. माझ्या पाया पडायला वाकला तर शेरवानी उसवली, आणि तोच सगळ्यांत जास्त हसला होता.

तुला रविवारीच परत जायचं होतं. मीच पदर धरला, बुधवारपर्यंत राहा म्हणून. आता मनाला एवढंच समजावते, की तुला निदान ते दोन दिवस दुःखाशिवाय मिळाले. आपण गच्चीत बसून शाळेची प्रार्थना आठवत होतो, तिसऱ्या कडव्यावर अडलो होतो. तेवढं तरी तुझ्या पदरात पडलं.

काय झालं होतं गं? ट्रक होता का? सांगावंसं वाटलं तरच सांग.

तुझी
राजू

———

वारंगा फाटा
२८ मार्च २०२४

प्रिय राजू,

रोजे सुरू आहेत. दुपारी घर शांत असतं, म्हणून बसले आहे.

ट्रक नव्हता. शाकीर पुंजाजींची बकरी घेऊन वाशिमच्या बाजाराला निघाला होता. हिंगोली गेली, कनेरगाव नाका जवळ आला, आणि पुढचं डावं चाक निघालं. जीप उलटली. पुंजाजी वाचले, खांद्याचं हाड मोडलं. गळ्यात हात बांधून ते मला भेटायला आले आणि उंबऱ्यावरच बसले. आत येईनात.

म्हणाले, "भाभी, चाक आमच्या म्होरं पळत चाललं व्हतं. रस्त्याच्या मधून, येकदम सरळ. शाकीर म्हनला, काका, ह्ये कुनाचं चाक हो? अन् हसला. त्याच्या मागून गाडी कलली."

राजू, माझा मुलगा आपल्याच गाडीचं चाक पाहून हसला.

लोक म्हणतात बेअरिंग जळालं असेल, रस्ता उखडलेला आहे. असेल. मी विचारत नाही.

अफसाना आतल्या खोलीत असते. तिची इद्दत सुरू आहे. पोटात लेकरू असलं की बाळंतपणापर्यंत इद्दत असते, तोवर ती नवऱ्याचं घर सोडत नाही. दर संध्याकाळी मी तिच्या केसांना तेल लावते आणि ती दर संध्याकाळी विचारते, "अम्मी, चाक निघतंच कसं?" मी रस्त्याला शिव्या देते. मग तीही देते. मग ती झोपते.

शाकीरचे अब्बा ग्रीसचा डबा विहिरीत टाकायला निघाले होते, पुंजाजींनी बऱ्या हाताने काढून घेतला.

तू डोळ्यात थेंब वेळेवर घाल.

महेज

———

नाशिक
९ एप्रिल २०२४

प्रिय महेज,

हे पत्र लिहू की नको, असं आठवडाभर चाललं आहे. आता मला अक्षरं स्वच्छ दिसतात, म्हणून तुझी जुनी पत्रं भिंगाशिवाय वाचायला काढली. जानेवारीचं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

तू लिहिलं होतंस की तू नाशिकला असताना ते जीपची चाकं करणार आणि पिना तुझ्यासाठी वाटीत ठेवणार. तू मंगळवारी दुपारी माझ्या घरात होतीस, महेज. मग त्या पिना कोणी लावल्या?

तू मला रस्ता सांगितलास, बेअरिंग सांगितलंस. पुंजाजींचं बोलणं सांगितलंस. तेवढं एकच सांगितलं नाहीस. शाळेत तू गृहपाठ केला नसला की असंच भरभरून दुसरंच काही बोलायचीस.

तू रविवारी गेली असतीस तर? मला हे विचारलंच पाहिजे. माझ्यापासून लपवू नकोस. मी म्हातारी झाले आहे, काचेची नाही.

तुझी
राजू

———

वारंगा फाटा
२ मे २०२४

राजू,

तू ओळखशील ही भीती होती, म्हणूनच मागच्या पत्रात पिनांचं नाव काढलं नव्हतं. तुझ्यापासून लपवलं ते तुझ्यासाठी. राहा म्हणणं हा गुन्हा नव्हे. मलाही राहायचंच होतं. तुझ्या गच्चीत मी कितीतरी वर्षांनी कोणाची अम्मी नव्हते.

आता ऐक. यांनी शनिवारी चाकं उघडली. रविवारी मी येणार म्हणून पुढची दोन्ही चाकं पूर्ण केली, नट आवळून सैल केले, आणि पिना स्टीलच्या वाटीत घालून स्वयंपाकघरात ठेवल्या. मग मी फोन केला, बुधवारी येते म्हणून. फोन अफसानाने घेतला. हे म्हणाले, ठीक आहे, गाडी थांबेल. एरवी आमची जीप तशीच जॅकवर, टोप्यांशिवाय उभी असते, मी येईपर्यंत. या घरात टोपी बसलेली दिसली म्हणजे पिन लागलेली आहे, हे शाकीरला लहानपणापासून माहीत.

पण सोमवारी वारा सुटला. अंगणात धूळच धूळ. नव्या ग्रीसमध्ये माती जाईल म्हणून यांनी टोप्या नुसत्या दाबून ठेवल्या. मंगळवारी सकाळी फाट्यावर धर्मसिंग नावाच्या ट्रकवाल्याचं चाक बसलं, त्याला जॅक हवा होता. हे जीप खाली घेऊन जॅक काढून त्याच्याबरोबर गेले. तासाभरात परत येतो म्हणून. तेवढ्यात पुंजाजी बकरी घेऊन आले. शाकीरने पाहिलं, जीप चाकांवर उभी, टोप्या बसलेल्या. मी नाही म्हणून या वेळी अब्बांनीच पिना लावल्या, असं त्याला वाटलं असणार. आत डोकावून अफसानाला विचारलं, "अब्बांचं काम झालं का?" ती म्हणाली, "व्हय, कालच झालं." तिला ही पिनेची रीत माहीतच नाही, तिच्यासमोर अजून एकदाही चाकं उघडली नव्हती; पुंजाजींची ट्रॉली उघडली तेव्हा ती माहेरी होती.

मी घरी पोचले तेव्हा शाकीरला आणलेलं होतं. तिसऱ्या दिवशी पाणी गरम करायला स्वयंपाकघरात गेले आणि फळीवर ती वाटी दिसली. मी यांच्याकडे पाहिलं. त्यांना आधीच कळलं होतं. कनेरगावला जाऊन त्यांनी आसाचं टोक पाहिलं होतं. पिनेचं भोक मोकळं, स्वच्छ. तुटली असती तर तुकडा राहिला असता.

त्यांना अफसानाला सांगायचं आहे. रोज म्हणतात. "आपून तिला रोज खोटं खाऊ घालून राहिलो," म्हणतात. मी त्यांना शाकीरची शपथ घातली आहे. बाळंतपण होईपर्यंत एक शब्द काढायचा नाही. मी त्यांना कारण सांगते की 'काम झालं' हे तीच म्हणाली होती, तिला हे सोसायचं नाही, पोटातल्या जिवाला धक्का बसेल. ते खरंही आहे. पण तुला खरं कारण सांगते. बाळंतपण झालं की इद्दत संपते. मग तिला या घरात अडवणारं काही नाही. तिचे वडील कळमनुरीत, भाऊ फहीम महिन्यातून दोनदा चकरा मारतो. हे तिला कळलं तर ती लेकराला घेऊन जाईल. शाकीरचं म्हणून जे काही उरलं आहे ते तिच्या पोटात आहे, राजू. ते मला माझ्या अंगणात रांगताना बघायचं आहे. मला दुसरं काहीच नको.

मॉरल सायन्समध्ये मला नेहमी पैकीच्या पैकी मिळायचे. आठवतं?

महेज

———

नाशिक
१४ मे २०२४

माझ्या महेज,

तुझं पत्र उशीखाली ठेवून झोपते आहे. झोप येत नाही, पण ठेवते.

माझ्या वाट्याचं माझ्याकडे राहू दे. त्यावर तू मला समजावू नकोस.

तू सल्ला मागितला नाहीस, तरी देते. सांगू नकोस. निदान इतक्यात तरी नाही. आमच्या यांचा आजार डॉक्टरांनी त्यांना सगळाच्या सगळा सांगून टाकला होता. सत्य ऐकण्याचा हक्क असतो म्हणे. त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून झोपले, ते पुन्हा माझ्याकडे वळलेच नाहीत. तीन आठवडे मी त्यांच्या पाठीशी बोलत होते. सत्याला वेळ असते, महेज. बाळ होऊ दे. पाचवी, छठी, तुमच्यात जे असेल ते होऊ दे. घराला लेकराची सवय लागू दे, लेकराला तुझी. मग कोणी उठून जात नाही.

चाँदभाईंना सांग, मीही तुझ्यासारखंच म्हणते आहे.

तुझी
राजू

———

वारंगा फाटा
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय राजू,

मुलगी झाली. जुलैच्या शेवटी. अफसानाने नाव शहनाज ठेवलं, शाकीर मुलगी झाली तर हेच ठेवू म्हणायचा. डोक्यावर इतकं जावळ की दाईसुद्धा हसली. पहिले सहा दिवस ती माझ्याच कुशीत होती. अफसाना अशक्त होती, दूध पाजायला घ्यायची आणि परत माझ्याकडे द्यायची. म्हणायची, "अम्मी, तुमच्याजवळ गप राहती." ते सहा दिवस माझ्याकडून कोणी परत मागू नयेत.

सातव्या दिवशी अकीका झाला. जावळ उतरवलं. पाहुणे गेले. कळमनुरीहून फहीम आला होता, तो बाहेर चहा पीत होता. अफसानाने शहनाजला उचललं आणि अब्बांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी हात मागे घेतले. दोन्ही हात पाठीमागे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

अफसाना हसली. "अब्बा, धरा ना. पडंल ती."

"बेटा, आधी ऐक," ते म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, शपथ आहे तुम्हाला."

"बाळंतपन होईस्तोवर व्हती," ते म्हणाले. "झालं बाळंतपन."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. वाटी, वारा, टोप्या, जॅक. आवाज चढला नाही, पडला नाही. स्वतःच्या बाजूने एक शब्द घातला नाही. अफसाना ऐकत होती आणि तिचा हात लेकराच्या पाठीखाली होता, ते पडू नये म्हणून. शेवटी ते म्हणाले, "तू 'झालं' म्हनलीस, ते मनात घेऊ नको. मी तुला सांगितलंच नव्हतं. तुला कुनी बी सांगितलं नव्हतं."

तिने दुसऱ्या हाताने लेकराचं दुपटं सारखं केलं. मग विचारलं, "कुनाकुनाला माहीत हाये?"

"मला. तुझ्या अम्मीला."

"कवापासून?"

ते माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "तिसऱ्या दिवसापासून."

तिने शहनाजला उचलून यांच्या दंडावर नीट ठेवलं, यांचे हात पाठीमागून ओढून पुढे आणले आणि लेकराखाली लावले. म्हणाली, "धरा. तुमचं चुकलं, अब्बा. लई मोठं चुकलं. पन तुमाला सांगायचं व्हतं, मला दिसत व्हतं. रोज दारापर्यंत येऊन तुमी मागं जायचे. मला वाटायचं, मला बघवत न्हाई म्हनून जातेत."

मग ती माझ्याकडे वळली. रडत नव्हती, राजू. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं.

"मी रोज पुसलं तुमाला," म्हणाली. "रोज. चाक निघतंच कसं, म्हनून. तुमी माझ्या डोक्याला तेल लावून रस्त्याला शिव्या दिल्या. मला बी द्यायला लावल्या. मी येडीवानी रस्त्याला तळतळाट देत बसले. तुमी तवा काय इचार करत होत्या, अम्मी? वरून माझ्या केसाकडं बघून?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठीच लपवलं गं."

"माझ्यासाठी?" तिने शहनाजकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खरं बोला."

मला खरं बोलता आलं नाही. तुला लिहिताना आलं होतं. तिच्यासमोर उभं राहून नाही आलं. तिने थोडी वाट पाहिली. मग म्हणाली, "अब्बांचं मी कधी ना कधी पोटात घालीन. तुमचं काय करू, मला कळत न्हाई."

फहीमने गाडी दारात आणली. तिने लेकराची दुपटी स्वतःच गोळा केली, माझ्या हातातून एकही घेतलं नाही. निघताना यांना म्हणाली, "अब्बा, तुमी येत जा. कवाबी या, ती तुमची नात हाये." आणि उंबऱ्याबाहेर गेल्यावर, माझ्याकडे न पाहता: "अम्मी, तुमी नका येऊ."

हे दारात उभे होते. मी यांना वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुम्ही माझा मुलगा नेला आणि आता नात नेली. यांनी ऐकून घेतलं. मग आत जाऊन चूल पेटवली आणि माझ्यासाठी चहा ठेवला.

महेज

———

नाशिक
३० ऑगस्ट २०२४

महेज,

पत्र वाचल्यापासून माझ्या आवाजात ते वाक्य ऐकू येतं आहे: मग कोणी उठून जात नाही. मला एरवी काही ऐकू येत नाही, हे बरोबर ऐकू येतं.

मी येते. मला आता दिसतं, एकटी प्रवास करू शकते. तुझ्याकडे नाही, आधी कळमनुरीला जाईन. अफसानाला सांगेन की अम्मीला मी ठेवून घेतलं होतं आणि गप्प राहायलाही मीच सांगितलं. तिला रागावायला दुसरं माणूस मिळालं तर कदाचित तुझ्यावरचा थोडा कमी होईल. तू फक्त हो म्हण.

राजू

———

वारंगा फाटा
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय राजू,

नको येऊस. माझ्याकडे कधीही ये, पण तिच्याकडे नको. तू तिला जे सांगशील ते सगळं खरं असेल, आणि तिला कळेल की तेही मीच पाठवलं आहे. तू लिहिण्याआधीच माझं सगळं ठरवून झालं होतं. तुझं पत्र मला फक्त सोयीचं वाटलं. ते ओझं तू उचलू नकोस.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं एकच काही होतं आणि ते अजून नीट बसलं नव्हतं. आता बसलं आहे.

दर शुक्रवारी हे नमाज करून कळमनुरीला जातात. जीप भंगारात दिली, एसटीने जातात. पहिल्या शुक्रवारी मी दारात उभी राहिले. दुसऱ्या शुक्रवारी चप्पल घालून त्यांच्या मागे निघाले. त्यांनी दोन तिकिटं काढली. तिथे स्टँडसमोर सपना नावाच्या बाईची चहाची टपरी आहे, बाहेर बाकडं आहे. मी तिथे बसते. ते गल्लीत वळतात. अफसानाच्या माहेरचं घर त्या बाकड्यावरून दिसत नाही, गल्लीच्या तोंडाची चिंच तेवढी दिसते. सपनाला आधी वाटलं मी कोर्टाच्या कामाला येते. मग एकदा तिने विचारलं, "मावशी, काहून बसता हितंच? मालकासंग जात न्हाई का?" मी म्हटलं, गुडघे दुखतात. बघ, अजून जातं तोंडातून.

ते परत आले की मला सांगतात. सुरुवातीला नुसतं "बरी हाये" म्हणायचे. मी चिडायचे. बरी म्हणजे काय? तुम्ही तासभर बसता तिथे आणि मला दोन शब्द आणता? हा माणूस आयुष्यभर चाकं बघत आला, माणसाचं तोंड वर्णन करायची त्याला सवय नाही. आता शिकले आहेत. मी आधी सांगते काय काय बघायचं, आणि ते तेवढं बघून येतात. नाक शाकीरचं आहे. भुवया अफसानाच्या. हसली की आधी डावीकडची खळी पडते, उजवीकडची नंतर. पालथी पडते, पण एक हात अंगाखाली अडकतो आणि मग ओरडते. पुंजाजी एकदा यांच्याबरोबर गेले तर त्यांच्या पागोट्याला बघून रडली.

परवा मी त्यांना म्हटलं, "आज नखं बघा. या दिवसांत भराभर वाढतात, स्वतःचाच गाल ओरबाडून घेते लेकरू. वाढली असतील तर अफसानाला सांगा, झोपेत काप म्हणावं, कात्रीने नाही, दाताने हळूच. पण मी सांगितलं म्हणू नका."

ते चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "मग कुनी सांगितलं म्हनू?"

मी त्यांचा कप उचलून सपनाला दिला. ते गेले.

तासाने चिंचेखालून येताना दिसले. बाकड्यावर शेजारी बसले. "वाढलीत," म्हणाले. "गालावर येक ओरखडा हाये."

त्यांनी अफसानाला काही सांगितलं नव्हतं.

तुझी
महेज